आडवे पट्टे, उभी रेघ: कॅलिफोर्निया किंगस्नेकच्या रंगांची पैदास

[दृश्य: इन्क्युबेटरमधला झाकणाचा डबा. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात, अर्धी रुतलेली पांढरी अंडी. एका अंड्याला वरच्या बाजूने चीर जाते.]

अंडी एकाच मादीची. एकाच दिवशी घातलेली, एकाच डब्यात उबवलेली. पहिलं पिल्लू बाहेर येतं ते काळंभोर, अंगभर पांढरे आडवे पट्टे असलेलं. शेजारच्या अंड्यातून डोकं काढणाऱ्या त्याच्या भावंडाच्या अंगावर एकही आडवा पट्टा नाही. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या मधोमध फिकट पिवळी उभी रेघ गेलेली आहे.

ही दोन वेगळ्या जातींची पिल्लं वाटतात, आणि कित्येक दशकं शास्त्रज्ञही तसंच समजत होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लांव्हिल याने १८३५ मध्ये उभ्या रेघेच्या सापाचं वर्णन केलं. आडव्या पट्ट्यांच्या सापाला १८५३ मध्ये वेगळं नाव मिळालं. सान डिएगोमध्ये वीज कंपनीत अभियंता असलेल्या आणि सापांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की हे दोन्ही नमुने एकाच खेपेतल्या अंड्यांतून निघतात. जात एकच, नक्ष्या दोन. आज तिचं शास्त्रीय नाव लॅम्प्रोपेल्टिस कॅलिफोर्नी.

किंगस्नेक म्हटल्यावर आपल्याकडे पटकन नागराज डोळ्यासमोर येतो. त्याचा या सापाशी संबंध नाही. हा बिनविषारी, साधारण पाऊण ते सव्वा मीटर लांबीचा, भक्ष्याला विळखा घालून मारणारा साप आहे. त्याच्या आहारात उंदीर, पाली, पक्ष्यांची अंडी असतात आणि इतर सापही असतात. रॅटलस्नेक या अमेरिकेतल्या विषारी सापाच्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. दुसरे साप खाण्याची ही सवय पुढे प्रजननात पावलोपावली आडवी येते.

[दृश्य: रॅकमधले डबे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. एकेक साप जवळून.]

निसर्गातच या सापाचे इतके प्रकार आहेत की पैदास करणाऱ्याला सुरुवातीलाच भरपूर माल हाती येतो. वाळवंटी भागातले साप गडद काळे आणि पांढरेशुभ्र. किनाऱ्याकडचे तपकिरी आणि सायीच्या रंगाचे. न्यूपोर्ट आणि लाँग बीच या किनारपट्टीतले उभ्या रेघेचे साप पोटाकडून गडद असतात. काहींच्या अंगावर रेघ मध्येच तुटते आणि ठिपका-रेघ-ठिपका अशी माळ दिसते.

यातून माणसाने दोन रस्त्यांनी नव्या रंगरेषा घडवल्या. दोन्ही रस्त्यांचे नियम वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की वर्षं वाया जातात.

पहिला रस्ता एका जनुकाचा. अल्बिनो हे त्याचं सरळ उदाहरण. या सापात काळं रंगद्रव्य तयार होत नाही. त्यामुळे काळ्या जागी गुलाबी छटा दिसते, पट्टे पांढरट-पिवळे राहतात आणि डोळे लाल असतात. हा गुण अप्रभावी आहे. पिल्लाला तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मिळाला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू नेहमीच्या रंगाचं होतं, पण गुण पोटात बाळगतं. अशा सापाला या धंद्यात ‘हेट’ म्हणतात.

अल्बिनो नर आणि नेहमीच्या रंगाची मादी यांची सगळी पिल्लं नेहमीच्या रंगाची आणि सगळी हेट. हेटला हेट लावला की सरासरी चारात एक अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण साधं. अडचण इथेच आहे. उरलेल्या तीन साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी दोन हेट असतात, पण कुठली दोन हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ती विकताना चिठ्ठीवर ‘६६ टक्के हेट’ लिहितात. याचा अर्थ त्या एका सापात ६६ टक्के गुण आहे असा होत नाही. तो हेट असण्याची शक्यता तेवढी आहे, इतकंच. नवीन घेणारे इथे हमखास फसतात.

खात्री करायची तर संशयित सापाची जोडी अल्बिनोशी लावायची. तो खरोखर हेट असेल तर प्रत्येक पिल्लू अल्बिनो निघण्याची शक्यता निम्मी. आठ पिल्लं निघाली आणि आठही साधी असली, तर तो हेट असूनही असं घडण्याची शक्यता २५६ मध्ये एक उरते. तेव्हा त्याला साधा समजायला हरकत नाही. दोनच पिल्लांवरून मात्र असा निकाल देऊ नये.

दुसरा ठळक गुण लेव्हेंडर. यात गडद भाग जांभळट-राखाडी होतो आणि डोळ्यांत माणकाची झाक येते. दिसायला हाही अल्बिनोच्या जवळचा, पण त्याचं जनुक वेगळं. अल्बिनो आणि लेव्हेंडर यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं साध्या रंगाची निघतात. दोन रंगीत सापांच्या पोटी सगळी काळी-पांढरी पिल्लं पाहून अनेकांना आपण ठकवलो गेलो असं वाटतं. वास्तविक ती पिल्लं दोन्ही गुणांची हेट असतात आणि खरा उपयोग पुढच्या पिढीत होतो.

मात्र त्या पुढच्या पिढीचं गणित कडक आहे. दोन्ही गुणांचे हेट एकमेकांना लावले तर दोन्ही गुण एकत्र असलेलं पिल्लू सोळात एक. दहा अंड्यांच्या खेपेत असं एकही पिल्लू न निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच आहे. त्यामुळे अशा कामाला एक जोडी पुरत नाही. दोन-तीन माद्या आणि तितका धीर, दोन्ही हवेत.

[दृश्य: ‘बनाना’ म्हणून ओळखला जाणारा, जवळजवळ पूर्ण पिवळा साप. हातावरून सरकताना त्याच्या कडेचे तपकिरी खवले दिसतात.]

दुसरा रस्ता निवडीचा. हा पिवळाधमक साप बघा. खवल्यांकडे नीट पाहिलं तर बाजूला तपकिरी रंगाचे कण उरलेले दिसतात. याच्यामागे एखादं एकटं जनुक नाही. प्रत्येक पिढीत सर्वांत पिवळी पिल्लं ठेवायची आणि त्यांचीच जोडी लावायची, असं करत करत ही रेषा घडली. काळा आणि पांढरा रंग जवळजवळ समसमान वाटला गेलेले वाळवंटी सापही असेच निवडून आले. अशा रेषेत हेट नावाची गोष्ट नसते. पिवळ्या सापाला काळा साप लावला की पिल्लं कमी-अधिक मधल्या रंगाची निघतात आणि निवड पुन्हा मागे जाते. ‘बनानाचा हेट’ असं कुणी विकत असेल तर त्याला विषय कळलेला नाही, किंवा समोरच्याला कळत नाही असं तो धरून चालला आहे.

उभी रेघ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. रेघेचा आणि पट्ट्याचा साप एकत्र आणला तर रेघेची, पट्ट्यांची आणि तुटक नक्षीची अशी तिन्ही प्रकारची पिल्लं निघू शकतात. साध्या अप्रभावी गुणाचा तक्ता इथे लागू पडत नाही. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे अंडी फार उष्ण किंवा फार थंड राहिली तरी पिल्लांची नक्षी विस्कटते. अशी विस्कटलेली नक्षी पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून एखादं विचित्र पिल्लू हाती आलं की नवीन मॉर्फ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा नवा रंग-नक्षीचा प्रकार, सापडल्याचं जाहीर करण्याआधी त्या खेपेच्या तापमानाची नोंद पाहायची आणि मग पिल्लू मोठं करून जोडी लावायची.

[दृश्य: थंड खोली. बंद, अंधारे डबे. थर्मामीटरवर १२ अंश.]

आता प्रत्यक्ष काम. मादी किमान तीन वर्षांची आणि साधारण ३०० ग्रॅम वजनाची हवी. लहान मादीत अंडी अडकतात, आणि अडकलेल्या अंड्यांनी मादी मरते. नर दोन वर्षांत तयार होतो.

नोव्हेंबरच्या सुमारास खाणं बंद करायचं, पण सापाला उबेतच ठेवायचं, दोन ते तीन आठवडे. पोट पूर्ण रिकामं होणं गरजेचं आहे, कारण थंडीत पचन थांबतं आणि आत राहिलेला उंदीर सडतो. त्यानंतर हळूहळू तापमान उतरवत १० ते १३ अंश सेल्सिअसवर आणायचं आणि दहा ते बारा आठवडे तिथेच ठेवायचं. डब्यात अंधार आणि वाटीत कायम ताजं पाणी. या काळात वजन फारसं घटता कामा नये. ज्याचं वजन झपाट्याने उतरतं किंवा ज्याच्या तोंडाशी फेस दिसतो, त्याला लगेच उबेत आणून पशुवैद्याला दाखवायचं. अशक्त सापाला थंडीत घालणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं.

थंडी का द्यायची? नरात शुक्रजंतू नीट तयार होणं आणि मादीत अंडी वाढायला लागणं, दोन्हींचं वेळापत्रक या ऋतुबदलाशी जोडलेलं आहे. थंडी न देताही कधीकधी अंडी मिळतात. पण मग नर मागे फिरतो, मादी उशीर करते, पोकळ अंडी वाढतात.

मार्चमध्ये उब परत आली की डब्याची एक बाजू २८ ते ३० अंश आणि दुसरी २२ ते २४ ठेवायची. हीटरला थर्मोस्टॅट लावलेला असायलाच हवा. थर्मोस्टॅट नसलेली तापपट्टी सापाचं पोट भाजते आणि साप तिथून उठत नाही. तळाला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा चालतो, देवदाराचा नको. त्यातली तेलं सापांना बाधतात. सुरुवातीला लहान उंदीर आणि मग नेहमीच्या आकाराचे, असं चार-पाच आठवडे भरपूर खाऊ घालायचं.

[दृश्य: डब्यात मादी. नर हळूच सोडला जातो. लांब चिमटा आणि पाण्याचा फवारा जवळ ठेवलेला.]

मादीने थंडीनंतरची पहिली कात टाकली की जोडी लावायची वेळ येते. किंगस्नेकची जोडी लावताना घरातला माणूस समोर बसलेला हवा, कारण हा साप साप खातो. दोघांनी एक-दोन दिवस आधी खाल्लेलं असावं, आणि नर मादीपेक्षा फार लहान नसावा. नर अंगाला झटके देत मादीच्या पाठीवरून सरकतो, बऱ्याचदा तिची मान तोंडात धरतो. ते पाहून घाबरायचं कारण नाही. पण तोंडात डोकं धरून अंगाचा विळखा आवळला जात असेल, तर ते मिलन नव्हे, शिकार आहे. तेव्हा क्षणाचाही विचार न करता दोघांना वेगळं करायचं. तोंडावर थोडं पाणी मारलं की पकड बऱ्याचदा सुटते. मिलन काही मिनिटांत उरकतं किंवा तासन्‌तास चालतं. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा जोडी लावली की पुरे. रात्रभर एकत्र ठेवण्याचा मोह टाळावा.

मिलनानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत अंडी येतात. त्याआधी मादी पुन्हा एकदा कात टाकते, आणि त्या कातेनंतर आठ ते चौदा दिवसांत अंडी घालते. कातेची तारीख म्हणूनच महत्त्वाची. कात पडली की ओलसर स्फॅग्नम शेवाळ भरलेला, वर एक भोक असलेला झाकणाचा डबा आत ठेवायचा. तो नसेल तर मादी पाण्याच्या वाटीत अंडी घालते, आणि बुडालेली अंडी गुदमरतात.

[दृश्य: अंड्यांचा गठ्ठा जवळून. वरच्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण. शेजारी एक पिवळट, मेणचट, लहान अंडं.]

एका खेपेत सहसा पाच ते बारा अंडी. चांगलं अंडं पांढरं, फुगीर, हाताला कोरडं आणि मऊ कातड्याच्या कवचाचं. हे पिवळट मेणचट अंडं पोकळ, त्यातून काही निघणार नाही. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर ओढून सोडवायची नाहीत. जशी पडली तशीच, वरची बाजू वर ठेवून उचलायची. म्हणूनच पेन्सिलीची खूण. एक-दोन दिवसांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरतो.

व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने समान. ५०० ग्रॅमला ५०० ग्रॅम. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब पडू नये. अंडी अर्धी रुतवायची. झाकण लावून पूर्ण डब्याचं वजन चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. आठवड्याने उघडून हवा द्यायची, पुन्हा वजन करायचं आणि जितकं कमी झालं तितकं कोमट पाणी कडेने घालायचं, अंड्यांवर नाही. या एका वजनाच्या नोंदीने ओलाव्याचे निम्मे घोळ मिटतात.

तापमान २७ ते २८ अंश. या उबेत ५५ ते ७० दिवस लागतात. घाई म्हणून ३१-३२ वर नेलं तर पिल्लं लवकर निघतात, पण पाठीचा कणा वाकलेली, किंवा पूर्ण वाढून अंड्यातच मेलेली. पहिल्या पंधरवड्यात अंडं खोलगट झालं तर बहुतेक ओलावा कमी पडतोय. शेवटच्या आठवड्यात थोडं खचलं तर ते बाहेर येण्याच्या तयारीचं लक्षण. चीर पडल्यावरही पिल्लू दिवस-दोन दिवस आतच बसतं, उरलेला बलक शोषत. त्याला ओढून बाहेर काढू नये.

[दृश्य: चहाच्या कपाहून थोड्या मोठ्या डब्यांची रांग. प्रत्येकात एकच पिल्लू.]

बाहेर आलेलं पिल्लू २५ ते ३० सेंटिमीटरचं असतं आणि त्याच दिवसापासून वेगळ्या डब्यात जातं. एकत्र ठेवलेल्या दोन पिल्लांपैकी सकाळी एकच उरल्याचं आढळतं, बऱ्यापैकी जाड झालेलं. आठ ते चौदा दिवसांनी पहिली कात. त्यानंतर पहिलं खाणं, केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, म्हणजे पिंकी.

बहुतेक पिल्लं लगेच खातात. काही खात नाहीत, आणि इथे पैदास करणाऱ्याची खरी परीक्षा लागते. आधी पिंकी कोमट पाण्याने नीट धुवून उंदराचा वास घालवायचा. तरी नाही, तर तिच्यावर दुसऱ्या सापाची टाकलेली कात चोळायची. किंगस्नेकला सापाचा वास हा जेवणाचा वास आहे, त्यामुळे ही युक्ती या जातीत विशेष लागू पडते. तरीही नाही, तर पालीचा वास. प्रत्येक प्रयत्नानंतर डबा अंधारात ठेवायचा, रात्रभर हलवायचा नाही. रोज नवा प्रयोग केला तर पिल्लू घाबरून आणखी आखडतं. चार-पाच दिवसांचं अंतर हवं.

न खाणाऱ्या पिल्लाचा रंग कितीही दुर्मीळ असो, पुढे त्याची जोडी लावायची की नाही हा प्रश्न टाळता येत नाही. रंगाच्या मागे लागून अशा पिल्लांना महिनोन्‌महिने जबरदस्तीने भरवून वाढवलं, तर त्यांची पिल्लंही खाण्याला नखरे करतात, आणि चार-पाच पिढ्यांत सगळी रेषाच तशी होते. भावंडांची जोडी पुन्हापुन्हा लावण्याचंही तसंच. अप्रभावी गुण लवकर उघड करायला बाप-लेक किंवा भाऊ-बहीण अशी जोडी एकदा लावणं समजण्यासारखं आहे. पण प्रत्येक पिढीत तेच केलं तर पोकळ अंडी वाढतात, डोळे लहान राहतात, कधी एक डोळाच नसतो, कणा मुरडलेला निघतो. दर दोन-तीन पिढ्यांनी पूर्ण बाहेरचा, निरोगी, साध्या रंगाचा साप आणायचा. त्यामुळे रंग एक पिढी मागे जातो, आणि तेवढी किंमत मोजायलाच हवी.

बाहेरचा साप आणला की तो दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत. चिमटे वेगळे, वाट्या वेगळ्या, आणि त्याचं काम दिवसाच्या शेवटी. माइट, म्हणजे सापाच्या खवल्यांखाली रक्त पिणारे काळे किडे, पाण्याच्या वाटीत बुडालेले ठिपके म्हणून दिसतात. ते औषधाने जातात. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटात वाढणारा सूक्ष्म परजीवी मात्र सगळी पैदास बसवू शकतो. खाल्लेलं काही दिवसांनी ओकणं, शरीराच्या मधोमध फुगवटा आणि सतत घटणारं वजन ही त्याची लक्षणं. सापाला त्यातून बरं करणारं भरवशाचं औषध नाही आणि नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. विष्ठेची तपासणी करूनच नवा साप आत घ्यावा.

[दृश्य: नकाशा. अटलांटिक महासागरातलं ग्रान कनारिया बेट. कोरड्या दरीत दगड उचलून पाहणारे हात.]

ग्रान कनारिया हे स्पेनचं बेट. कनारी बेटांवर मूळचा एकही साप नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळे दिसू लागले, आणि नंतर त्यांची वस्ती तिथेच वाढत असल्याचं स्पष्ट झालं. पकडलेल्या सापांत उभ्या रेघेचे आहेत आणि अल्बिनोही आहेत. लाल डोळ्यांचे हे साप पाळीव पैदाशीतून आले, यात शंका उरत नाही. बेटावरचे मोठे सरडे मूळचे फक्त तिथलेच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जिथे साप पोहोचला तिथे या सरड्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. साप बहुतेक वेळ जमिनीखाली काढतो, त्यामुळे माणसं लावून, सापळे लावूनही तो संपवता आलेला नाही.

म्हणून प्रत्येक डब्याच्या झाकणाला दोन बाजूंनी कडी, खोलीच्या दाराखाली पट्टी आणि निचऱ्याच्या तोंडाला जाळी. पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतून निघून जातं. खुद्द कॅलिफोर्नियात हा साप स्थानिक वन्यजीव आहे, आणि त्याची विक्रीसाठी पैदास करायला राज्याचा वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे कुठल्याही स्थानिक सापाला पकडून पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि महाराष्ट्रात काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे दिसले, तर तो मण्यार असू शकतो. त्याला हात लावायचा नाही, सर्पमित्राला बोलवायचं.

[दृश्य: टेबलावर पिल्लाची चिठ्ठी. पेनाने एकेक ओळ भरली जाते.]

पिल्लाने न ओकता निदान पाच-सहा वेळा सलग खाल्लं की ते दुसऱ्याकडे द्यायला तयार झालं. हा साप वीस वर्षं सहज जगतो. तेव्हा घेणाऱ्याला पहिला प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा विचारायचा. त्याच्यासोबत जी चिठ्ठी जाते, तिच्यावर आईचा आणि बापाचा क्रमांक, अंडी घातल्याची आणि फुटल्याची तारीख, उबवण्याचं तापमान, लिंग आणि ते कसं तपासलं, किती वेळा आणि काय खाल्लं, हे सगळं असतं. गुणाच्या ओळीत जे अंगावर दिसतं ते एका रकान्यात. जे पोटात आहे असं पुराव्याने माहीत आहे, ते दुसऱ्या रकान्यात. फक्त शक्यता असेल तर तिची टक्केवारी तिसऱ्यात. आईबाप निश्चित माहीत नसतील, तर दुसरा आणि तिसरा रकाना कोरा सोडायचा.